कठड्याखालून येणारा कावळा

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी कॉफी घेऊन ऊर्मीच्या खोलीत गेलो, तेव्हा तिच्या पडद्यावर एक कावळा आभाळातून गच्चीच्या कठड्यावर उतरत होता. उतरला की पुन्हा आभाळात. पुन्हा उतरला, पुन्हा आभाळात. ऊर्मी केसांत पेन्सिल खोचून बसली होती आणि तो उतरला की प्रत्येक वेळी "नाही" म्हणत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"शॉट परत आला. तिसऱ्यांदा."

ऊर्मी माझी मुलगी, वय पंचवीस. मद्रासच्या दक्षिण टोकाला, सिरुसेरीच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत काम करते. आम्ही राहतो उत्तरेकडच्या पेरंबूरला. तिथून सिरुसेरीला जायला दोन तास लागतात, म्हणून आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच काम करते. पहिली दोन वर्षं तिने दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांच्या रेघा साफ करण्यात घालवली. या महिन्यात पहिल्यांदा तिला स्वतःचा शॉट मिळाला होता. लहान मुलांच्या फिल्ममध्ये गच्चीवर भात ठेवलेला आहे आणि कावळा तो खायला येतो, एवढाच तुकडा. चार सेकंदांचा. त्यासाठी ती बारा दिवस बसली होती.

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, हा उतरत नाहीये, कुणीतरी वरून टाकल्यासारखा पडतोय." तिने कॉफी घेतली पण प्यायली नाही. "आज पाचला कॉल आहे. आज नाही जमलं तर शॉट रत्नाकरला जाणार. आणि मी परत रेघा पुसायला."

एरवी मी 'होईल गं' म्हणून बाहेर आलो असतो. तिची आई, प्रमोदिनी, मे महिन्यात गेली. तेव्हापासून आठ महिने आमचं बोलणं जेवलीस का, गॅस बंद केला का, यापुढे जात नव्हतं. दोघंही एकमेकांना सांभाळून होतो आणि त्या सांभाळण्यातच गप्प झालो होतो. पण त्या दिवशी माझी नजर पडद्यावरच्या रेघेवर गेली आणि तिथेच अडकली.

आभाळापासून कठड्यापर्यंत एक बारीक वाकडी रेघ होती. त्या रेघेवर ठिपके होते.

"ही रेघ कसली?"

"हा पाथ. कावळा या रेघेवरून जातो. एका सेकंदाचे चोवीस ठिपके. ठिपके जवळजवळ असले की तो हळू जातो, लांब असले की जोरात." ती कंटाळून सांगत होती. "आणि हे तीन चौकोन दिसतात ना, ते मी ठरवलेले मुक्काम. आभाळात एक, मध्ये एक, कठड्यावर एक. प्रत्येकाला या दोन मिशा आहेत. मिशी ओढली की रेघ वाकते."

मी चष्मा पुसला आणि जवळ वाकलो.

"मधल्या मुक्कामाला झटका आहे."

"कुठे?"

"इथे. रेघ येते एका वाकात आणि निघते दुसऱ्या वाकात. गाडी इथे आली की पाण्याचा पेला पडणार."

ऊर्मीने चित्र मोठं केलं. खूप मोठं केल्यावर दिसलं. त्या चौकोनाच्या दोन मिशा एका ओळीत नव्हत्या, केसभर फिरल्या होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला हे नुसत्या डोळ्यांनी कसं दिसलं?"

आता यात माझं कौतुक नाही. मी मूळचा सोलापूरचा, पण भरतीची परीक्षा मद्रासची दिली आणि दक्षिण रेल्वेत रुळांच्या खात्यात लागलो. चौतीस वर्षं तेच केलं. रूळ वाकतो तिथे आमची खरी परीक्षा असते. गाड्या जाऊन जाऊन वाक बिघडतो, कुठे जास्त होतो, कुठे कमी. मग आम्ही वीस मीटरची दोरी घेऊन निघायचो. एक माणूस दोरीचं एक टोक रुळाला धरतो, दुसरा दुसरं टोक, आणि मी मधोमध पट्टी लावून दोरीपासून रूळ किती लांब आहे ते मोजतो. दहा मीटर पुढे सरकून परत तेच. आकडे सारखे आले तर वाक चांगला. एक आकडा उंच आणि पुढचा खाली आला, की तिथे झटका. एन्नोरच्या बाजूला समुद्राचा वारा तोंडावर घेत मी असे हजारो आकडे लिहिले आहेत. ते डोळ्यांत बसतात.

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग मोजा ना."

ती थट्टेने म्हणाली असेल. मी उठलो, प्रमोदिनीचा शिवणाचा डबा उघडला, काळा दोरा घेतला आणि परत आलो.

"धर हे टोक पडद्यावर. इथे, पहिल्या चौकोनावर."

"बाबा, खरंच?"

"धर."

तिने एका हाताने दोऱ्याचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दुसऱ्या हाताने तिची स्टीलची पट्टी लावली. चार मिलिमीटर. पुढे सरकलो. सहा. मग अकरा. मग तीन. मी आकडे मोठ्याने सांगत होतो आणि ती वहीत लिहीत होती. तिसऱ्यांदा दोरा सुटला आणि ऊर्मी हसायला लागली. पोट धरून हसत होती. मी आठ महिन्यांत ते हसणं ऐकलं नव्हतं.

"स्टुडिओत कुणाला सांगू नका," ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी माझा शॉट शिवायच्या दोऱ्याने मोजला."

"तुझ्या सरांनाच सांगतो. अकरा कमी कर."

तिने मिशी ओढली. अकराचे आठ झाले आणि शेजारचे दोन्ही आकडे आपोआप वाढले. मी मांडीवर थाप मारली. रुळाचंही हेच असतं! एका जागी रूळ सरकवला की शेजारच्या दोन्ही जागांचा आकडा त्याच्या निम्म्याने उलटा बदलतो. एकट्या जागेची दुरुस्ती अशी नसतेच. मला वाटलं होतं हे रुळापुरतं आहे. पण नाही, वाकाचाच स्वभाव तो. लोखंडाचा असो की काचेवरच्या रेघेचा.

मग मी थांबायलाच तयार नव्हतो. सरळ रुळावरून गाडी एकदम गोलात घालता येत नाही, आधी थोडं वळण, मग जास्त, मग पूर्ण. तसं मी तिला करायला लावलं. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात, म्हणजे गाडी आत झुकते. मी म्हटलं, तुझा कावळा वळताना सपाट का आहे? त्याला झुकव. तिने कावळ्याचा आतला पंख खाली केला, बाहेरचा वर केला. कावळा वळणावर असा सुरेख झुकला की आम्ही दोघं एकदम "आहा" म्हणालो.

"आणि ठिपके सारखे कर," मी म्हणालो. "कुठे दाट, कुठे विरळ, हे काय? वळणावर वेग बदलायचा नसतो."

तिने एक बटण दाबलं. सगळे ठिपके सारख्या अंतरावर आले. वहीतल्या आकड्यांची ओळ बघण्यासारखी होती. एकही चढ-उतार नाही. निरीक्षणाला बडा साहेब आला असता तरी बोट ठेवायला जागा नव्हती.

"चालव."

कावळा आभाळातून निघाला, वळला, झुकला, कठड्यापाशी आला आणि थांबला.

ऊर्मीने परत चालवला. मग हनुवटीला हात लावून बसली.

"बाबा, हा कावळा नाही. ही शताब्दी आहे. फलाट क्रमांक एकवर येत आहे."

मला राग आला, पण खरं होतं. कावळा रुळावरून आल्यासारखाच आला होता. त्याच्या पायाखाली रूळ नव्हते, एवढाच फरक. मी चौतीस वर्षांचं काम लावून एका पक्ष्याला गाडी करून टाकलं होतं.

"परत सगळं दाट-विरळ करू?" तिने विचारलं.

"कुठे दाट आणि कुठे विरळ?"

"तेच तर माहीत नाही. बारा दिवस तेच करतेय."

घड्याळात पावणेअकरा झाले होते. तिने कॉफीचा कप उचलला, त्यावर साय आली होती, परत ठेवला. मग पडद्याकडे बघतच तिने विचारलं, "आईचा कावळा कसा यायचा?"

इथे प्रमोदिनीबद्दल थोडं सांगायला हवं. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या राजसबाईंनी तिला हाताशी धरलं. राजसबाई तंजावरच्या मराठी, पिढ्यान् पिढ्या इकडच्याच. त्यांच्याकडून प्रमोदिनीने इथली रीत उचलली. शिजवलेला पहिला भात कावळ्याला, गच्चीच्या कठड्यावर. तो खाईल तेव्हा घरातली माणसं जेवणार. आमच्याकडे सोलापूरला कावळा लागतो तो फक्त दहाव्याला. इथे रोज. तिने तीस वर्षं एक दिवस चुकवला नाही. ती गेली आणि ते बंद झालं. मी खालच्या मेसमधून डबा आणतो, त्यातलं कोण वर नेणार?

आणि मी तिचा कावळा कधी पाहिला नव्हता. कामाच्या दिवशी मी रुळावर जेवायचो. सुट्टीच्या दिवशी पानावर बसून ओरडायचो, "आला का तुझा पाहुणा? इथे भूक लागली आहे!" वरून तिचा आवाज यायचा, "आला, आला!" तीस वर्षांत मी एकदाही जिना चढून वर गेलो नाही.

"मला माहीत नाही," मी ऊर्मीला म्हणालो. "मी बघितलंच नाही कधी."

"मी पण नाही," ती म्हणाली. "मी यूट्यूबवर बघितले. ते सगळे दुसरेच कावळे आहेत."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तांदूळ होता. कुकर लावला. ऊर्मी मागून आली आणि म्हणाली, "आई वरून तूप घालायची." तूप नव्हतं. ती पळत जाऊन समोरच्या दुकानातून छोटी बाटली घेऊन आली.

साडेअकराला आम्ही गच्चीवर. जानेवारीचं ऊन, वारा बरा होता. मी कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला, त्यावर डब्यातला भात, वर चमच्याने तूप, आणि शेजारी उभा राहिलो. शेजारच्या इमारतीच्या टाकीवर दोन कावळे होते. त्यांनी बघितलं आणि तिथेच बसले.

"का... का..." मी हाक मारली. माझाच आवाज मला विचित्र वाटला.

कावळे हलले नाहीत. पाच मिनिटं गेली, मग दहा. ऊर्मी फोन धरून उभी होती, तिचा हात दुखायला लागला. मी भात थोडा इकडे सरकवला, थोडा तिकडे. पावणेबारा झाले.

"ओळखत नाहीत ते तुम्हाला," ऊर्मी म्हणाली.

पाचला कॉल. चार सेकंदांचं काम परत करायला किमान तीन तास लागणार. आणि ते दोन कावळे मान वाकडी करून बघत बसले होते, जणू आमच्याकडे दिवसच दिवस आहेत.

तेवढ्यात राजसबाई वाळत घालायचे कपडे घेऊन वर आल्या. ऐंशीच्या आहेत, पण बादली स्वतः आणतात. त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा पानाकडे.

"अय्यो उमाकांतराव! काय हो हे? असं पोलिसासारखं उभं राहिलं तर तो येईल काय?"

"मग काय करू?"

"सादम, भात तो, ठेवायचं, पाठ वळवायची, खाली उतरायचं. जेवायला बोलावून कुणी पाहुण्याच्या तोंडाकडे बघतो काय? प्रमोदिनी कधी बघितली नाही. डब्यावर चमचा आपटायची, तीन वेळा, आणि गेली. वळून पण बघायची नाही."

"मग तिला कसं कळायचं, आला ते? खालून मी विचारलं की म्हणायची, आला आला."

राजसबाईंनी साडी झटकून दोरीवर टाकली. "तुम्ही ओरडत होता म्हणून म्हणायची. जिन्यावर उभी असायची ती. अर्धा वेळ आलाच नसायचा."

ऊर्मी माझ्याकडे बघत होती, तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळे भरले होते, दोन्ही एकदम. मग मलाही हसू आलं. तीस वर्षं मला फसवलं या बाईने! आणि फसवून वेळेवर वाढलं.

मी चमच्याने डब्यावर तीन वेळा वाजवलं, पाठ वळवली आणि आम्ही दोघं आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या मागे जाऊन बसलो. राजसबाई कपड्यांच्या आड उभ्या राहिल्या. ऊर्मीने फोन टाकीच्या कडेवर टेकवला.

दोन मिनिटं गेली असतील. एक कावळा उडाला. तो भाताकडे आलाच नाही! सरळ कठड्यावरून पुढे गेला, पलीकडच्या इमारतीच्या दिशेने. मला वाटलं, गेला. पण तो लांब जाऊन वळला, छान झुकून वळला, आणि परत आला, जोरात. कठड्याच्या दिशेने खाली, आणखी खाली, आणि दिसेनासाच झाला. कठड्याच्या खाली गेला. मग पलीकडून एकदम वर आला आणि पानाशेजारी पाय टेकवून उभा राहिला. जराही धक्का नाही.

"चढ!" मी ओरडलो. "अगं, चढ आहे तो! चढावर ब्रेक लावतो हा!"

कावळा उडून गेला.

"बाबा!!"

"अगं पण बघितलंस का?"

"बघितलं! रेकॉर्ड पण झालं! पण ओरडता कशाला?"

मला धीरच नव्हता. घाटात गाडीचे ब्रेक गेले तर तिला पकडायला एक बाजूचा रूळ असतो, तो मुद्दाम चढाचा बांधतात. सुटलेली गाडी त्यात घातली की चढच तिला थांबवतो. मी प्रशिक्षणात शिकलो होतो आणि विसरलोही होतो. कावळा तेच करत होता. वरून येताना त्याला थांबायला जमणार नाही, म्हणून तो आधी कठड्याच्या खाली जातो, आणि मग वर चढताना त्याचा वेग आपोआप संपतो. जिथे संपतो तिथे कठडा. बरोबर त्याच जागी! तिथे पाय टेकवायचा, बास.

"म्हणून आपला पडत होता," ऊर्मी म्हणाली. ती आता माझ्याहून जोरात बोलत होती. "मी त्याला वरून कठड्यावर आणत होते. शेवटचा मुक्काम वरून गाठायचा नाहीच, खालून गाठायचा! पण बाबा, खाली किती जातो ते दिसलं नाही. भिंतीआड होता."

"बाजूने बघायला पाहिजे."

"तुम्ही इथेच बसा. आणि तोंडावर हात ठेवा."

ती गच्चीच्या कोपऱ्यात गेली, जिथून कठड्याची कड सरळ दिसते, आणि वाळत घातलेल्या चादरीखाली शिरली. राजसबाई म्हणाल्या, "माझी धुतलेली चादर!" पण धरून ठेवली. मी पुन्हा चमचा वाजवला. या वेळी तोंडावर खरंच हात ठेवला. कावळा आला, दुसरा त्याच्यामागे आला, मग तिसरा. पान रिकामं होईपर्यंत ऊर्मीने चार उतरणं टिपली.

खाली येऊन आम्ही दार लावलं आणि बसलो. तिने व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत प्रत्येक ठिकाणी कावळ्याच्या छातीवर एक खूण केली. त्या खुणा जोडल्या की रेघ तयार. मी शेजारी बसून अंतरं सांगत होतो. वळणावर खुणा विरळ. कठड्याखाली सगळ्यात विरळ, म्हणजे तिथे तो सगळ्यात जोरात. मग वर चढताना दाट, आणखी दाट, शेवटच्या तीन तर एकमेकींना चिकटलेल्या. आकड्यांची ओळ बघितली तर बडा साहेब जागेवर नोकरीतून काढेल अशी. एक आकडा दुसऱ्यासारखा नाही. पण झटका कुठेही नव्हता. सगळे एका ओघात वाढत होते आणि एका ओघात कमी होत होते.

मला सारखे करायचे होते ते आकडे. सारखे असायला नको होते, नुसते जोडलेले हवे होते.

तीन वाजेपर्यंत पाथ झाला. चारपर्यंत पंख. जेवलो नाही, मेसचा डबा खालीच राहिला. साडेचारला तिने चालवला आणि पडद्यावरचा कावळा लांब गेला, वळला, खाली बुडाला, भिंतीआड गेला आणि वर येऊन भाताशेजारी उभा राहिला. मी पुढे झुकून बसलो होतो. तो उडून जाईल म्हणून मी श्वास रोखला होता. चित्रातला कावळा!

पाचला कृष्णस्वामी सर पडद्यावर आले. डोकं तासलेलं, चष्मा कपाळावर. बाकी सात-आठ जण छोट्या छोट्या चौकोनांत, त्यातला एक रत्नाकर. मी खोलीच्या दाराशी खुर्ची घेऊन बसलो, कॅमेऱ्यात न येता. बोलणं तमिळमध्ये होतं, अधूनमधून इंग्रजी. मला सगळं कळतं.

सरांनी शॉट एकदा बघितला. परत बघितला. सहा वेळा बघितला. ऊर्मीने टेबलाखाली माझ्या दिशेने हात नाचवला.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण इथे भिंतीआड तो सात चित्रं दिसत नाही. मुलं भाताकडे बघत असणार, पक्षी गायब झाला तर गोंधळतील. ही खालची बुडी काढ. वळणावरून थेट कठड्यावर आण. मग ओके."

माझ्या पायाखालचा फलाट सरकला. थेट आणला की परत पडणार. मी उठलो. "सर," मी माझ्या तमिळमध्ये म्हणालो, "तो चढ काढला तर ब्रेक कुठे लावणार?"

आठ चौकोन थांबले.

"कोण आहे?" सरांनी विचारलं.

"माझे वडील," ऊर्मी म्हणाली आणि मराठीत माझ्याकडे वळून, "बाबा, बसा. मी बोलते."

मी बसलो.

"सर, दोन मिनिटं," ती म्हणाली. तिने बुडी काढली, रेघ थेट कठड्यावर आणली आणि चालवलं. कावळा पडला. सगळ्यांना दिसलं. तिने काही समजावलं नाही. बुडी परत घातली आणि चालवलं. कावळा उतरला.

"दिसत नाही ती सात चित्रं मी ठेवणार," ती म्हणाली. तिने आवाज खाली आणला नाही. "तो तिथे दिसत नाही म्हणूनच वर आला की खरा वाटतो. मुलं गोंधळणार नाहीत. मुलांनी कावळे बघितलेत, आपणच बघितले नव्हते. मी आज बघितले. तुम्हाला काढायचंच असेल तर शॉट रत्नाकरला द्या, पण मी काढणार नाही."

मी डोळे मिटले. अगं, इतकं कशाला?

रत्नाकरचा आवाज आला. "सर, मला देऊ नका. मी पण तेच ठेवेन."

कुणीतरी हसलं. कृष्णस्वामी सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सातव्यांदा शॉट बघितला.

"पूर्ण शॉटवर एक नोट आहे," ते म्हणाले. "बसल्यावर त्याने मान एकदा वाकडी करावी. बाकी हात लावू नकोस. ओके. आणि पुढचे दोन पण तूच कर. एकोणीस आणि वीस. तो खातो, आणि मग उडतो." मग चष्मा परत कपाळावर सरकवून, "तुझे वडील काय करतात?"

"रेल्वेत होते. रूळ वाकवायचे."

"सोमवारी त्यांनाही घेऊन ये. आमच्या बसचा एक शॉट आहे, त्यातली बस होडी वाटते."

कॉल बंद झाला. ऊर्मीने खुर्ची गर्रकन फिरवली आणि ओरडली. काय ओरडली ते शब्दांत नव्हतं. मीही ओरडलो. वरून राजसबाईंनी काठीने फरशीवर ठोकलं. मग ती येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आईने जिन्यावर उभं राहून खोटं सांगायचं, आणि तुम्ही तीस वर्षं खरं मानायचं."

"गरम जेवलो ना पण," मी म्हणालो.

आम्ही तिच्याबद्दल बोललो. बराच वेळ. ती तूप किती घालायची, चमचा कुठल्या डब्यावर वाजवायची. एकाला आठवायचं नाही ते दुसऱ्याला आठवत होतं.

मग ऊर्मी एकदम थांबली.

"बाबा, उडताना तो आधी काय करतो? कठड्यावरून वर झेप घेतो की आधी खाली पडतो?"

मी विचार केला. दुपारी मी ओरडलो तेव्हा तो उडाला होता, माझ्या डोळ्यांसमोर. पण मी बघितलंच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"उद्या बघू."

"उद्या कशाला?" मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर उघडला. तळाशी दोन मुठी भात होता. "पावणेसहा होतायत. अजून उजेड आहे. फोन घे."

ती चप्पल न घालताच जिना चढायला लागली.